गंजातली अक्षरे

जमिनीत दोन-तीनशे वर्षे पडून राहिलेली तांब्याची किंवा लोखंडाची वस्तू बाहेर येते, तेव्हा तिचा मूळ पृष्ठभाग बहुतेक वेळा उरलेल्या धातूवर नसतो. तो गंजाच्या थरात असतो. नाण्यावरची अक्षरे, पात्याची धार, खिळ्याच्या डोक्यावर पडलेले हातोड्याचे ठोके या खुणा ठिसूळ आणि कुरूप दिसणाऱ्या कवचातच टिकून राहिलेल्या असतात. कवचाखालचा धातू हा वस्तूचा फक्त गाभा. घासून घासून तो गाठला की वस्तू चमकते, पण तिच्यावर जे काही लिहिलेले किंवा घडवलेले होते ते चोथ्याबरोबर मोरीत जाते. त्यामुळे सफाईत काय काढायचे यापेक्षा कुठे थांबायचे, हे कळणे अधिक महत्त्वाचे असते.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांत अशा वस्तू निघण्याला मोठे कारण आहे. तोरणा, राजगड, रोहिडा, केंजळगड हे किल्ले आणि त्यांच्या पायथ्याची हिरडस मावळ, रोहिड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही खोरी शतकानुशतके लष्करी वावराखाली होती. तोरण्याच्या डागडुजीत धन सापडले आणि ते राजगडाच्या बांधकामी लागले, असे बखरी सांगतात. पुढे जवळजवळ पाव शतक राजगड ही स्वराज्याची राजधानी होती, आणि नंतर भोरला पंतसचिवांचे संस्थान नांदले. एवढ्या वावरात खाली पडलेले, हरवलेले, फेकलेले आणि पुरलेले धातू मातीत साठत गेले. गडावरच्या वाटांवर पहिल्या जोरदार पावसानंतर माती वाहून जाते आणि शिवराईसारखे एखादे तांब्याचे नाणे उघडे पडते. भातखाचराची चिखलणी करताना बाणाचे किंवा भाल्याचे पाते वर येते, जुन्या घराचा पाया खणताना कडीकोयंडे, खिळे, बैलाची नाल निघते. 1927 साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणाच्या पाण्याखाली जुन्या वस्त्या गेल्या आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरे गावचे कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते, आणि त्या गाळातही घरगुती धातू सापडतो.

वस्तूला हात लावण्याआधी कायद्याचा भाग स्पष्ट असायला हवा. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 नुसार जमिनीत दडलेली आणि 10 रुपयांपेक्षा अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर ती सापडल्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. वस्तू काय, किती, कुठे आणि कधी सापडली हे त्यात लिहायचे असते. ही माहिती दडवणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष आणि कलावस्तू कायद्याच्या कक्षेत येते, आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खोदकाम करता येत नाही. राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे. जुलै 2025 मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांतही ते आहे. तिथे मेटल डिटेक्टर घेऊन फिरणे आणि आवाज येईल तिथे खणणे हा छंद नाही, गुन्हा आहे. परवानाधारक उत्खननात पुरातत्त्वज्ञ हे यंत्र वापरतात, पण सह्याद्रीत त्याचा कस लागतो. यंत्राच्या कड्यातून निघणारे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीतल्या धातूत प्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहाची चाहूल यंत्र टिपते. इथल्या काळ्या कातळात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे भरपूर असल्याने यंत्र दगडालाही वाजते.

कायद्याइतकेच जागेलाही महत्त्व आहे. वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोल होती, हे कळले तर एका साध्या खिळ्यावरून दरवाज्याची जागा ठरते. जागेची नोंद नसलेला खिळा भंगार ठरतो. त्यामुळे वस्तू उचलण्याआधी तिच्या जागीच फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी किंवा निदान पेन ठेवावा, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश टिपावेत. खोल रुतलेली वस्तू ओढून काढू नये. तिथल्या तिथे पाण्याने धुऊ नये, थुंकी लावून अंगठ्याने चोळू नये. हाताच्या घामात मीठ असते आणि मीठ हा पुरलेल्या धातूचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. लोखंडी पात्यावर कधी मुठीच्या लाकडाचे तंतू, कापडाची वीण, चामड्याचा ठसा गंजात मुरून दगडासारखा झालेला असतो. पाते धुतले की तो पहिल्याच पाण्यात जातो.

कोरड्या मातीतून निघालेली वस्तू कोरडीच ठेवायची, आणि गाळातून निघालेली वस्तू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ओलीच ठेवायची, हा साधा नियम आहे. ओली वस्तू उन्हात वाळवली की आतले क्षार स्फटिक बनून पृष्ठभागाकडे सरकतात आणि कवचाचे पापुद्रे उडवतात.

मातीत धातूचे काय होते, ते दोन धातूंपुरते नीट समजून घेतले तर बाकीचे सोपे जाते. तांबे ओलावा आणि हवेच्या संगतीत आधी तांबडे क्युप्राइट बनते, त्याच्यावर हिरवे मॅलेकाइट चढते. हे दोन्ही थर घट्ट असले तर ते पुढची झीज रोखतात, म्हणजे त्यांचे असणे वस्तूच्या हिताचे असते. पण मातीत मीठ असेल, विशेषतः जिथे चुलीची राख, गोठ्याचे मूत्र आणि खरकटे वर्षानुवर्षे पडत आले अशा जागी, तर धातूला लागून क्युप्रस क्लोराइडचा मेणासारखा करडा थर तयार होतो. वस्तू जमिनीत असेपर्यंत तो निपचित असतो. बाहेर येऊन दमट हवा मिळाली की तो पाणी आणि ऑक्सिजन घेऊन फिकट हिरव्या, खडूसारख्या भुकटीत बदलतो. या क्रियेत निघणारे आम्ल आणखी तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड बनते, आणि चक्र चालू राहते. याला कांस्यरोग म्हणतात. नाव काशाचे असले तरी तांब्याची नाणीही त्याला बळी पडतात. जुना हिरवा थर गडद, गुळगुळीत आणि नखाने न निघणारा असतो. रोगाची हिरवाई फिकट असते, ठिपक्याठिपक्यांनी येते आणि काडी लावली की भुकटी गळते. हा फरक ओळखता येणे हे सगळ्या सफाईपेक्षा मोलाचे आहे.

लोखंड याहून वाईट वागते. गंजाचे आकारमान मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक असते, म्हणून वस्तू फुगते, भेगाळते आणि मातीचे खडे आपल्या अंगात गुंडाळून घेते. घाटमाथ्याकडच्या धुऊन निघालेल्या, किंचित आम्ल लाल मातीत लोखंड लवकर संपते. खोऱ्यातल्या चुनखडीच्या काळ्या मातीत ते तुलनेने टिकते. उरलेल्या लोखंडाला लागून क्लोराइड साठलेले असले तर बाहेर काढल्यावर काही आठवड्यांत पृष्ठभागावर तपकिरी, ओले थेंब दिसू लागतात. ते वाळले की पोकळ फुगे होतात, आणि मग खपल्या सुटतात. 'लोखंड रडते' म्हणतात ते हेच. ही क्रिया थांबायला हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 12 टक्क्यांच्या खाली जावी लागते. तांब्याचा रोग 40 टक्क्यांच्या आसपासच्या हवेत बराच शांत राहतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भोर-वेल्ह्याच्या हवेत या दोन्ही आकड्यांच्या आसपासही कोरडेपणा नसतो. सापडल्यानंतरचा पहिला पावसाळा वस्तूला जमिनीतल्या शंभर वर्षांहून जड जातो, तो त्यामुळेच.

आता एका नाण्याची सफाई जवळून पाहू. शिवराईच्या एका बाजूला बिंदूंच्या वर्तुळात तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति' असते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर ही नाणी पाडली जाऊ लागली आणि पुढे पेशवाईतही त्यांच्या दुदांडीसारख्या आवृत्त्या निघत राहिल्या. टांकसाळीगणिक अक्षरांचे वळण बदलते: कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव', कुठे वेलांटी ऱ्हस्व तर कुठे दीर्घ, बिंदूंची मांडणी वेगळी. अभ्यासक याच बारकाव्यांवरून नाण्याचे प्रकार लावतात. वेलांटी एका केसाइतक्या उंचीची असते आणि ती हिरव्या थरातच असते. घरोघरी तांब्याला चिंच, लिंबू-मीठ किंवा भांड्यांची पावडर लावण्याची रीत आहे. तांब्या-ताम्हणाला ती ठीक, कारण ती रोज वापरायची भांडी आहेत. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्याचे ऑक्साइड आणि कार्बोनेट विरघळवते. पाच मिनिटांत नाणे गुलाबी दिसते आणि वेलांटीच्या जागी खळगा उरतो. लिंबाबरोबरचे मीठ तर रोगाचे बीच आत पेरते. संडास धुण्याचे आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे सरळ क्लोराइड. ते लावलेले नाणे चमकते आणि पुढच्या पावसाळ्यात फिकट हिरवे होऊन येते.

योग्य रीत सावकाश आहे. नाणे आधी भिंगाखाली, एका बाजूने पडणाऱ्या उजेडात पाहायचे. तिरप्या उजेडात अक्षरांच्या सावल्या दिसतात आणि पुष्कळदा सफाई न करताच नाणे वाचता येते. वाचता येत असेल तर मातीपलीकडे काही काढायची गरज नाही. माती सैल करायला मऊ ब्रश, आणि बांबूची किंवा डाळिंबाच्या काटकीची टोकदार काडी वापरावी, कारण लाकूड तांब्याच्या क्षारांपेक्षा मऊ असते आणि ओरखडा पाडत नाही. सुई किंवा दाढीचे पाते लागले की गेले. चिकटलेल्या मातीवर स्पिरिटचा थेंब सोडावा, ती फुलली की काडीने उचलावी. पाण्याची गरज पडलीच तर बॅटरीत घालायचे ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. विहिरीच्या पाण्यात चुना आणि क्षार असतात, नळाच्या पाण्यात क्लोरीन. नाणे त्या पाण्यात बुडवून ठेवून पाणी बदलत राहिले की विरघळणारे क्षार उतरतात. प्रयोगशाळेत त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहतात, पांढरा गढूळपणा आला तर क्लोराइड अजून बाहेर येत आहे असे समजते. शेवटी नाणे स्पिरिटमध्ये बुचकळून, टिपकागदावर ठेवून मंद उबेत पूर्ण वाळवायचे.

कांस्यरोग दिसला तर काडीने भुकटी जेवढी निघेल तेवढी काढून नाणे ताबडतोब कोरड्या डब्यात वेगळे ठेवावे. पुढचा उपाय बेंझोट्रायअझोलचा. अल्कोहोलमध्ये त्याचे 3 टक्क्यांचे द्रावण करून वस्तू त्यात भिजवली की तांब्याच्या पृष्ठभागावर एक पातळ आवरण बसते आणि क्रिया मंदावते. हे रसायन शरीराला अपायकारक आहे, म्हणून हातमोजे आणि हवेशीर जागा लागते. घरातल्या ओट्यावर करण्याचे हे काम नाही. रोग आहे की नाही याची शंका असेल तर नाणे ओल्या कापसाशेजारी, पण कापसाला न टेकवता, बंद डबीत एक-दोन दिवस ठेवून पाहतात. नवे फिकट ठिपके उमटले तर रोग जिवंत आहे.

लोखंडाच्या वस्तूत आधी आत किती धातू उरला आहे हे पाहावे लागते. चुंबक चिकटतो म्हणजे गाभा आहेच असे नाही, कारण गंजातले मॅग्नेटाइटही चुंबकाला ओढते. वजन हा अधिक चांगला पुरावा आहे. 10 सेंटिमीटर व्यासाचा बिडाचा भरीव तोफगोळा सुमारे पावणेचार किलो भरायला हवा. तो तीन किलोच्याही खाली असेल तर दोन शक्यता उरतात. बिडातले लोखंड झिरपून जाऊन फक्त ग्रॅफाइटचा सांगाडा उरलेला असू शकतो. तो दिसायला अखंड पण चाकूने कापला जाईल इतका मऊ असतो. किंवा तो कुलपी गोळा असू शकतो, म्हणजे आतून पोकळ, दारू भरलेला, वातीसाठी भोक असलेला. दारू शेकडो वर्षांनीही कोरडी झाली तर पेट घेऊ शकते. भोक असलेला गोळा खरवडू नये, तापवू नये, त्याला छिद्र पाडू नये. तो आहे तिथे ठेवून पोलिसांना कळवावे.

पाते, खिळा, नाल यांच्यावरची माती आणि सैल गंज कोरड्या ब्रशने आणि काडीने काढायचा. प्रयोगशाळेत आधी क्ष-किरण चित्र काढतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली सुरीने किंवा बारीक काचकणांच्या हवेच्या झोताने मूळ पृष्ठभागापर्यंत उतरतात. क्लोराइड काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात, किंवा त्यात सोडियम सल्फाइट मिसळून सुमारे 60 अंश सेल्सिअसला, वस्तू आठवडे-महिने बुडवून ठेवतात. विजेच्या टबात गंज उडवण्याची पद्धत इंटरनेटवर फार लोकप्रिय आहे. जाड धातूगाभा असलेल्या तोफगोळ्याला ती सावधपणे चालते, पण गाभा संपलेल्या पात्याचा त्यात चिखल होतो. शिवाय स्टेनलेस स्टीलचा विद्युदग्र वापरला तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. धुऊन-वाळवून झाल्यावर टॅनिक आम्लाचा हात दिला की गंजाचा पृष्ठभाग निळसर काळा आणि स्थिर होतो. त्यावर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72 या राळेचा किंवा सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर देतात. दोन्ही पुन्हा काढता येतात, आणि पुढच्या पिढीला काढता न येणारे काही लावायचे नाही हे या शास्त्राचे सर्वांत शहाणे तत्त्व आहे. वार्निश, ऑइलपेंट, फेविकॉल या यादीत बसत नाहीत.

बाकीच्या धातूंना इतका वेळ द्यावा लागत नाही. सोन्याचा होन पुरला तरी सोनेच राहतो. मऊ ब्रश आणि ऊर्ध्वपातित पाणी पुरे, फक्त वाकवून पाहायचा मोह आवरावा. चांदीच्या नाण्यात तांब्याची भेसळ असली तर तीच हिरवी होऊन वर येते, आणि चांदी स्वतः ठिसूळ झालेली असते, म्हणून आपटू नये. शिशाची बंदुकीची गोळी पांढरट थराने झाकलेली असते. तो थर तिचे रक्षण करतो, तो काढू नये. शिसे विषारी असल्याने हात धुवावेत. शिशाच्या वस्तू लाकडी कपाटात, पुठ्ठ्यात किंवा व्हिनेगरजवळ ठेवल्या की तिथल्या आम्लवाफांनी त्यांची भुकटी होते.

गडावरच्या तोफांचा प्रश्न वेगळा आहे. त्या प्रयोगशाळेत नेता येत नाहीत आणि उघड्यावर ऊन-पाऊस खातात. दुर्गसंवर्धन करणाऱ्या संस्थांनी दरीत पडलेल्या तोफा वर काढून लाकडी गाड्यांवर बसवल्या, हे मोठे काम आहे. त्यांच्यावर चढवला जाणारा काळा ऑइलपेंट मात्र हिताचा नाही: रंगाला एक चीर पडली की पाणी आत शिरते आणि आतल्या आत गंज वाढतो. तोफ दगडी किंवा लाकडी बैठकीवर जमिनीपासून उचललेली, तोंड किंचित खाली झुकलेली म्हणजे नळीत पाणी न साचणारी, आणि वर्षाला कोरडी घासून मेण लावलेली असावी. पूजेचे हळद-कुंकू आणि तेल लोकांच्या श्रद्धेचे आहे. ते तोफेऐवजी बैठकीवर वाहिले गेले तर दोन्हींचा मान राहतो.

भोर आणि मावळातल्या वाड्यांमध्ये दसऱ्याला शस्त्रपूजन होते आणि आदल्या दिवशी तलवारी, दांडपट्टे, कट्यारी उतरवून राखेने आणि चिंचेने घासल्या जातात. जुन्या पोलादी पात्यावर पाण्याच्या लाटेसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. दरवर्षीच्या घासण्याने तीच आधी जाते, मग मुठीवरचे सोन्या-चांदीचे तारकाम. खोबरेल तेल काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरते आणि त्यातली मेदाम्ले पितळेच्या मुठीला हिरवी करतात. पाते सुती कापडाने पुसून, त्याला शिवणयंत्राच्या तेलाचा पुसटसा हात देणे पुरेसे आहे. चामडी म्यानात तलवार कायम ठेवू नये; कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि ओलावा पात्याला खातात. म्यान आणि पाते शेजारी शेजारी ठेवावीत.

साठवणीची सोय साधी आहे. घट्ट झाकणाचा पॉलिथिनचा डबा, त्यात प्रत्येक वस्तू स्वतंत्र भोके पाडलेल्या झिपलॉक पिशवीत, खाली आणि बाजूंनी सिलिका जेल, आणि आत आर्द्रता दाखवणारे छोटे कार्ड. लोखंडाच्या डब्यात सिलिका जेल वस्तूंच्या वजनाइतके तरी असावे. त्याच्या रंगीत दाण्यांचा रंग बदलला की ओलावा भरला असे समजून, ते बाहेर काढून ओव्हनमध्ये सुमारे 110 अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. लोखंड, तांबे आणि शिसे एकाच डब्यात कोंबू नयेत. कापूस थेट वस्तूवर ठेवू नये, त्याचे तंतू खपल्यांत अडकतात. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, तो अजिबात वापरू नये.

प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी पेन्सिलीने लिहून ठेवावी, कारण पेनची शाई दमट हवेत फुटते. गाव, गट नंबर किंवा गडावरची नेमकी जागा, खोली, तारीख, वजन, मोजमाप, सफाईत काय वापरले आणि कुठे थांबले, एवढे त्यात हवे. आधीचे आणि नंतरचे फोटो त्याच क्रमांकाने जपावेत. डबा पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीनंतर असा दोनदा उघडून पाहावा. फिकट हिरवी भुकटी, तपकिरी थेंब किंवा पिशवीच्या तळाशी नव्या खपल्या दिसल्या तर घरगुती उपाय करत न बसता वस्तू चिठ्ठीसकट तज्ज्ञांकडे पोचवावी. सल्ल्यासाठी राज्याचे पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र आहे, आणि अवघड उपचारांसाठी लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आहे.